सांलिस ते काँपियेन : हिवाळ्यांतील एक दिवस

पॅरिसच्या ईशान्येस सुमारें ८० किलोमीटरांच्या टापूंत सांलिस, प्येरफाँ व काँपियेन हीं तीन गांवें आहेत. डिसेंबरांत तेथें सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पांच वाजण्यापूर्वीं मावळतो; तरी अंधारांतच मोटार काढणाऱ्यास एका दिवसांत तिन्ही पाहून होतात. काळानें किंवा शत्रूनें मोडलेली वस्तु पुनः उभारावी काय, आणि उभारलीच तर तिला जुनें नांव द्यावें काय, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यांत त्या वाटेनें जातांना माझ्या मनांत सारखा घोळत होता.

सांलिसमध्यें तो फारसा छळत नाहीं. रोमन अमदानींतला तट येथें अद्याप उभा असून कित्येक घरें त्यालाच पाठ टेकून आहेत. ९८७ सालीं सरदारांनीं ह्यू कापे यास राजपदासाठीं निवडलें तें याच गांवीं. त्याच्या वंशाच्या निरनिराळ्या शाखांनीं पुढें सुमारें आठशें वर्षें राज्य केलें. बाराव्या शतकांत बांधावयास घेतलेल्या कॅथीड्रलच्या पश्चिमद्वारावर मेरीच्या राज्याभिषेकाचें सुंदर शिल्प आहे. मात्र त्याखालच्या उभ्या मूर्तींच्या चेहऱ्यांवर बाराव्या शतकाचें भाव शोधूं नयेत : मूळचीं डोकीं राज्यक्रांतींत फुटलीं, हीं एकोणिसाव्या शतकांतलीं आहेत. २ सप्टेंबर १९१४ रोजीं जर्मन सैन्यानें या गांवांतला एक रस्ता जाळला व नगराध्यक्ष एजेन ओदाँ यांस इतर नागरिकांसह ओलीस धरून गोळ्या घातल्या.

प्येरफाँचा किल्ला धुक्यांतून एकाएकीं वर येतो तेव्हां मध्ययुगच समोर ठाकल्याचा भास होतो. आणि तो निव्वळ भासच आहे. सहाव्या चार्ल्स राजाच्या भावानें, म्हणजे ऑर्लेआंच्या लुईनें, बांधलेला हा किल्ला १६१७ त तेराव्या लुईच्या सैन्यानें पाडला. पुढें दोन शतकांहून अधिक काळ तो भग्नच होता. १८५७ त तिसऱ्या नेपोलियननें तो व्हियोले-ल-द्यूक या स्थपतीच्या स्वाधीन केला. जीर्णोद्धार म्हणजे इमारतीला पूर्वीं कधींही नसलेलें पूर्णत्व देणें, असा या गृहस्थाचा सिद्धान्तच होता, आणि प्येरफाँ येथें त्यानें तो मनसोक्त अमलांत आणला. चौकांतल्या छपरांवर दगडी मांजरें बसविलीं. प्रार्थनामंदिराच्या दारांतील संताला तर स्वतःचाच चेहरा दिला! कारागिरी उत्तम आहे, पण मला हा किल्ला नाटकांतल्या पडद्यासारखा वाटला.

काँपियेनच्या तटाबाहेर २३ मे १४३० रोजीं झुलता पूल वर उचलला गेल्यामुळें जोन ऑफ आर्क शत्रूच्या हातीं लागली. परंतु मी तेथें गेलों होतों तों जवळच्या अरण्यांतील एक आगगाडीचा डबा पाहण्यासाठीं. ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं मार्शल फॉशनें जर्मनांशीं युद्धतहकुबी केली ती अशाच डब्यांत. १९४० च्या जूनमध्यें हिटलरनें मुद्दाम तोच डबा त्याच जागीं उभा करविला, फॉशच्या खुर्चीवर बसला, आणि २२ तारखेस तेथेंच फ्रान्सकडून तहावर सह्या घेतल्या. मग डबा बर्लिनला नेला, स्मारक उद्ध्वस्त केलें. फॉशचा पुतळा तेवढा ओसाड जागेवर पहारा करावयास ठेवला. सूड इतका बारकाईनें क्वचितच कोणी घेतला असेल. १९४५ त तो डबा जर्मनींत जळाला.

१९५० त फ्रेंचांनीं त्याच मालिकेतला दुसरा डबा आणून तेथें ठेवला. त्याचा क्रमांक होता २४३९. तो पुसून मूळ डब्याचा २४१९ घातला. प्येरफाँवर रागावलेल्या मला डब्याची ही प्रतिष्ठापना मात्र पटली. ती जागा रिकामी ठेवणें म्हणजे हिटलरचा शब्द अखेरचा मानणें झालें असतें. क्रमांक तेवढा बदलावयास नको होता. २४३९ हाच आंकडा पहिला डबा कोठें गेला हें प्रत्येक पाहुण्याला विचारावयास लावता. मूळ डब्याचे जळके अवशेष १९९२ त जर्मनींतून परत आले. ते तेथेंच मांडलेले आहेत. लोक मात्र अखंड डब्याच्या खिडक्यांशीं गर्दी करतात.