बोटांनी मोजलेला बार : पेडणे-डिचोलीतली ठासणीची बंदूक आणि तिची दारू

दसऱ्याला शस्त्रं पुजायची म्हटलं की पेडणे महालातल्या काही जुन्या घरांत कोयता, कुऱ्हाड, विळा यांच्याबरोबर एक लांबलचक नळीची बंदूकही पाटावर यायची. तिला झेंडूचं फूल लागायचं, हळदकुंकू लागायचं, आणि पूजा झाली की ती परत माळ्यावर जायची. आमच्या मंडळाच्या कामासाठी घरोघर फिरताना अशी बंदूक पाहिलेली माणसं पुष्कळ भेटली. ती भरलेली माणसं मात्र थोडीच राहिली आहेत.

या बंदुका सगळ्या ठासणीच्या. आधी तोंडातून दारू, मग गजाने ठासलेली चिंधी किंवा काथ्या, त्यावर गोळी किंवा छर्रे आणि पुन्हा चिंधी. मागे कान्यावर टिकली चढवायची, जिला आपल्याकडे ‘केप’ म्हणतात. कारखान्यातून तयार काडतूस येण्याआधी प्रत्येक बार हा हातानेच भरलेला असायचा. आज परदेशात हौशी नेमबाज रिकाम्या पितळी तोट्यांत स्वतः दारू मोजून काडतुसं बनवतात आणि ती तपासतात. त्याचं मोठं कौतुक होतं. आमच्या आजोबा-पणजोबांचं सगळं आयुष्य तेच करण्यात गेलं, फक्त त्याला कुणी छंद म्हटलं नाही.

बार किती भरला हे मोजायची रीत बोटांची होती. नळीत दारू आणि गोळी ठासून झाली की गज आतच ठेवायचा आणि तो नळीच्या तोंडाबाहेर किती बोटं वर राहिला ते पाहायचं. ‘इतक्या बोटांचा बार’ ही भाषा कोकणातल्या शिकारीच्या गप्पांत अजून ऐकू येते. पक्ष्याला कमी बोटं, डुकराला जास्त. बोट हे माप कुणाला अडाणी वाटेल, पण ते तसं नाही. बंदूक तीच, गज तोच आणि बोटंही त्याच माणसाची, त्यामुळे कालचा बार आणि आजचा बार यांतला फरक त्याला बरोबर कळायचा. घोटाळा व्हायचा तो दुसऱ्याने बंदूक उचलली की. पेडण्याकडच्या एका वयस्क शेतकऱ्याने मला सांगितलं, ‘वडिलांची बंदूक काकांनी भरली की आई आम्हा मुलांना घरात घ्यायची.’ हे त्यांनी हसत सांगितलं. पण पुढच्याच वाक्यात शेजारच्या वाड्यावर नळी फुटून अंगठा गेलेल्या माणसाची आठवण निघाली, आणि ते थांबले.

मापापेक्षा दारूची पारख जास्त अवघड. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. दाण्याच्या आकारावर, ओलाव्यावर आणि कोळसा कुठल्या लाकडाचा यावर तिचा जोर बदलतो. जुने लोक चिमूटभर दारू कागदावर घेऊन पेटवत. भप्पकन उडून गेली आणि कागदावर डाग राहिला नाही तर चांगली. काळी राख किंवा पिवळे ठिपके राहिले तर कच्ची किंवा ओली. ही परीक्षा युरोपातल्या तोफखान्यांनाही ठाऊक होती. छर्ऱ्याचा बार बघायला सुपारीची पोय झाडाला टांगायची आणि ठरलेल्या पावलांवरून बार टाकायचा, मग पोयीवरची भोकं मोजायची. भोकं एका बाजूला गेली असतील किंवा मधे मोकळी जागा पडली असेल, तर चिंधी नीट बसली नव्हती. आजचे बंदूकवाले कागदी पाट्यावर छर्ऱ्यांचा पसारा मोजतात तो प्रकार हाच.

खरी अडचण पावसाची. भात पोटरीला येतं भाद्रपदात, डुकरं शेतात उतरतात त्याच सुमाराला आणि हवेत ओल असतेही तेव्हाच. म्हणजे बंदुकीची गरज सर्वांत जास्त तेव्हा दारू सर्वांत नाठाळ. शिंगड्यात किंवा सुक्या भोपळ्यात बूच घट्ट लावून ती ठेवत. दोनचार बार झाले की नळीत काजळी साठते, गोळी खाली उतरत नाही. मग कढत पाण्याने नळी धुवायची, वाळवायची, तेल लावायचं. तोवर डुकरं भात उलथून गेलेली असत.

आता जरा मागे जाऊ. गोव्यात बंदुकीची कारागिरी पोर्तुगीजांनी आणली असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. गोवा घेतल्यानंतर तीनच वर्षांनी, १५१३ साली, आफोंसो द आल्बुकेर्क यानं राजा मानुएलला लिहिलं की इथले कारागीर बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या बंदुका करतात. म्हणजे आदिलशाहीच्या काळात गोव्यात तोडेदार बंदुका घडवणारे लोहार आधीच तयार होते. पोर्तुगीजांच्या आणि त्यांच्या हातांतून जी घडण झाली, तीच पुढे मलाक्कामार्गे १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली, असं शस्त्रांचा अभ्यास करणारे कित्येकजण मानतात.

बंदूक इथे घडत होती, पण दारूचा जीव असलेला सोरा इथे पिकत नव्हता. आणि ते साहजिक आहे. सोरा निघतो तो कोरड्या मुलखातल्या जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या मातीतून, आणि पाण्यात तो सहज विरघळतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मातीत काय राहणार? म्हणून सोरा घाटमाथ्यावरून आणावा लागे. १५४७ साली दों जुआंव द काश्त्रू याने विजयनगरच्या सदाशिवरायाशी तह केला, त्यात एक कलमच होतं की राज्यातला सोरा आणि लोखंड बंकापूरला आणावं आणि पोर्तुगीजांच्या माणसाने ते विकत घ्यावं. घोड्यांच्या व्यापाराइतकंच हे कलम महत्त्वाचं होतं असं मला वाटतं, पण पाठ्यपुस्तकांत फक्त घोडे धावतात. पुढे जुन्या गोव्याजवळ पानेली इथे पोर्तुगीजांचा दारूचा कारखाना चालला. त्याला ‘काझा द पोल्व्हरा’, म्हणजे दारूचं घर, म्हणत. तिथली दारू राजाची. डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या शेतकऱ्याला ती मिळायची नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘डिचोलीचं युद्ध, १६४०-४१’ असा एक प्रकार इंटरनेटवर फिरलेला आहे. पोर्तुगीज आणि मराठे यांच्यातल्या या लढाईवर इंग्रजी विकिपीडियावर लांबलचक लेख होता. २००७ साली तो लिहिला गेला, त्याला चांगल्या लेखाचा दर्जाही मिळाला, आणि २०१२ च्या अखेरीस तो काढून टाकावा लागला, कारण असं युद्ध कधी झालंच नव्हतं. १६४० साली शिवाजी महाराज दहा-अकरा वर्षांचे होते आणि डिचोली आदिलशहाकडे होती. आमच्या बैठकीत अजूनही कुणीतरी या लढाईतल्या तोफांबद्दल विचारतं. त्या तोफांत दारू नव्हती, बाबांनो.

खरे झगडे पुढचे. मार्केझ द काश्तेलु नोव्हूनं मे १७४६ मध्ये सावंतांचा हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयासाठी त्याची पदवीच बदलून ‘मार्केझ द आलोर्ना’ झाली. पेडण्यातल्या एका गावाचं नाव पोर्तुगालच्या सरदार घराण्याला चिकटलं ते असं. डिचोली कायमची पोर्तुगीजांकडे गेली १७८१ साली, पेडणे १७८८ साली. तोवर शे-दोनशे वर्षं हा मुलूख सावंत, मोगल, मराठे, पोर्तुगीज यांच्यात हेलकावे खात होता. अशा ठिकाणी घरात बंदूक असणं आणि ती स्वतः भरता येणं हा शौक नव्हता.

याचा कस लागला तो राण्यांच्या बंडांत. १८५२ साली दिपाजी राणे यांनी सत्तरीत नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढे तीन-साडेतीन वर्षं सरकारला दाद दिली नाही. त्यांच्या लोकांकडे ठासणीच्या बंदुका होत्या. तशी बंदूक हाती असलेला माणूस जंगलात शिसं वितळवून गोळी ओतू शकतो, आणि सोरा मिळाला तर दारूही करू शकतो. १८९५ चं बंड वेगळं. मोझांबिकला जाण्याच्या हुकुमावरून गोव्यातल्या मराठा शिपायांनी सप्टेंबरमध्ये उठाव केला, हत्यारांसह ते बाहेर पडले आणि दादा राणे यांच्या लोकांना मिळाले. हे मोडायला खुद्द राजाचा भाऊ, राजपुत्र आफोंसो, फौज घेऊन गोव्यात आला. पोर्तुगीज सैन्याची त्या काळची मुख्य रायफल क्रोपाचेक, १८८६ ची, आठ मिलिमीटरची. ठासणीच्या नळीच्या निम्म्याहूनही बारीक भोक, पण गोळी लांब जाणारी आणि नळीखालच्या कोठीत एकामागून एक काडतुसं. अशी रायफल पळवून आणली तरी तिची काडतुसं संपली की ती काठी होते, कारण पितळी तोटा आणि त्यातली टिकली जंगलात बनत नाही. १८९७ साली माफी देऊन ते प्रकरण मिटलं. त्यामागे कारणं पुष्कळ होती, पण काडतुसांचा हिशोब कुणी मांडत नाही याचं मला नवल वाटतं.

आपोआप भरणाऱ्या रायफली आल्यावर हाताने बार भरण्याची सूट आणखी कमी झाली. त्या यंत्रात एका गोळीच्या वाफेचा जोर पुढची गोळी आत ओढतो. बार हलका पडला तर यंत्र अडतं, जड झाला तर मोडतं. ठासणीची बंदूक कमी-जास्त बार सहन करते, निदान काही मर्यादेपर्यंत. म्हणून मोठ्या भोकाच्या अशा रायफलींसाठी हौशी लोक आज दारू ग्रेनमध्ये तोलतात, गोळीचा वेग यंत्राने मोजतात. वेग मोजायची युक्ती तशी जुनी आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने १७४२ साली लंबकावर गोळी झाडून, तो किती हलला यावरून वेग काढला होता. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, आपल्या गुंजेसारखाच. तराजू बदलला, दाणा राहिला.

दारूगोळ्याची गोष्ट निघाली आणि डिसेंबर १९६१ आठवला नाही असं गोव्यात होत नाही. पोर्तुगीज सैनिकांच्या आठवणींत सांगितलं जातं की इथल्या अधिकाऱ्यांनी रणगाड्यांवर मारायच्या गोळ्यांसाठी सांकेतिक शब्द ठरवला होता, ‘शोरीसुश’, म्हणजे आपलं चोरीस. त्यांनी लिस्बनला शोरीसुश मागितले, आणि विमानाने खरोखरचे चोरीस आले. १८ डिसेंबरला भारतीय फौजेची एक तुकडी दोडामार्गकडून अस्नोड्याच्या वाटेने उतरली.

मुक्तीनंतर १९५९ चा शस्त्र कायदा इथेही लागू झाला. पीकसंरक्षणासाठी परवाने मिळाले, पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. आता निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि नंतर परत आणायच्या. वारसांच्या नावावर परवाना करून घेण्याची खटपट अनेकांनी सोडून दिली आणि बंदूक सरकारजमा केली. त्यांना दोष देता येणार नाही, जुन्या नळीत नवी दारू घालणं आज कुणी करूही नये. पण सरकारजमा करण्याआधी बंदुकीचा फोटो तरी काढा, नळीची लांबी आणि भोक मोजून ठेवा, दस्त्यावर काही कोरलं असेल तर उतरवून घ्या, आणि ती बंदूक भरलेलं माणूस घरात असेल तर त्याच्याकडून बोटांचं माप विचारून घ्या. मंडळाच्या वहीत आतापर्यंत अशा अकरा बंदुकांची नोंद झाली आहे. सात पेडण्यातल्या, चार डिचोलीतल्या. त्यातल्या दोघींचेच गज शिल्लक आहेत.