प्रसूतिसेवेतील संघकार्य : ठाणे व कल्याण-डोंबिवली

गर्भवती, बाळंतीण आणि नवजात बालक यांच्या देखभालीत स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, रक्तपेढीचे कर्मचारी, कक्षातील आया आणि वस्तीतील आशा कार्यकर्ती यांनी आधी ठरलेल्या वाटणीनुसार केलेल्या कामास प्रसूतिसेवेतील संघकार्य म्हणतात. सरळ चाललेले बाळंतपण एकटी अनुभवी परिचारिकाही पार पाडते. या वाटणीचा कस लागतो तो प्रसूतिपश्चात रक्तस्रावात, म्हणजे नैसर्गिक प्रसूतीनंतर 500 मिलिलिटर किंवा अधिक रक्त जाते तेव्हा, कारण गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन देणे, सलाइन लावणे, रक्त मागवणे आणि किती रक्त गेले याचा अंदाज घेत राहणे ही कामे त्या वेळी एकदमच करावी लागतात.

ठाणे परिसरात हा संघ एका इमारतीत मावत नाही. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये कल्याण-डोंबिवली महापालिकेची, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे, तर उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय राज्य शासनाचे आहे. त्यांच्याभोवती खासगी प्रसूतिगृहांचे दाट जाळे आहे. गुंतागुंत झालेल्या स्त्रीला अधिक सोयींच्या ठिकाणी पाठवण्यास व्यवहारात ‘रेफर करणे’ म्हणतात, आणि संघकार्य बहुधा तुटते ते याच सांध्यावर. रुग्णवाहिका शीळ रस्त्याच्या कोंडीत असताना पुढील रुग्णालयात रक्तगट कळलेला असणे आणि भूलतज्ज्ञ हजर असणे हे एका दूरध्वनीवर अवलंबून असते. ‘पुढील उपचारांसाठी’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी कळा केव्हा सुरू झाल्या, कोणती औषधे कधी दिली, रक्तदाब किती होता, यांपैकी काहीच सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासणीसूची 29 बाबींची असून ती दाखल करताना, प्रसूतीच्या ऐन आधी, जन्मानंतर तासाभरात आणि घरी सोडताना अशी चार वेळा भरावयाची असते. केंद्र शासनाच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिकक्षांचे मूल्यांकन सुरू केले. मात्र सूचीवर फार भिस्त ठेवणे योग्य नव्हे : उत्तर प्रदेशातील मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2017 मध्येच प्रसिद्ध झाले, प्रशिक्षकांच्या मदतीने सूचीचे पालन वाढले, तरी माता व अर्भकांच्या मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही.

महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण 2018-20 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 33, तर देशाचे 97 होते. अशा प्रत्येक मृत्यूच्या अन्वेषणात निर्णयाला, पोहोचण्याला आणि उपचार मिळण्याला झालेला विलंब वेगवेगळा तपासतात. स्त्री दोन-तीन रुग्णालयांतून फिरलेली असल्यास त्या सर्वांच्या नोंदी एकत्र ठेवल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही.