आभाळाचं खळं आणि नांदूरचं पाणी

फार जुन्या फोटोंत आभाळ पांढरंफटक का दिसतं? तेव्हा फोटो काचेवर घेत. त्या काचेवर निळा उजेड लगेच उमटे, हिरवी-तपकिरी जमीन उशिरा. जमीन दिसेपर्यंत आभाळातले ढग पुसून जात. १८५६-५७च्या सुमारास फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी युक्ती केली. समुद्राची एक काच, आभाळाची दुसरी. दोन्ही मिळून एक फोटो!

आता आपल्या मोबाइलमध्ये आभाळ सहज येतं. नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कादवा संगमावर बंधारा बांधला, गाळ साठला आणि नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ झाली. २०१९ साली ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ठरली. पक्ष्यांचे, मावळतीचे फोटो काढायला तिथे लांबून माणसं येतात.

पण पाण्याकाठी रोज राबणाऱ्या आपण आभाळ आधीपासून वाचतो. सूर्या-चंद्राला खळं पडलं की पाऊस येणार, असं आजी म्हणायची. उंचावरच्या विरळ ढगांतल्या बर्फाच्या कणांतून उजेड वळतो, त्याचं हे कडं. हात लांब करून वीत धरली तर सूर्या-चंद्रापासून कड्यापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच भरतं. असे ढग कधी कधी पावसाच्या आधी येतात, म्हणून आजीच्या बोलण्याला आधार आहे. मात्र दर वेळी पाऊस पडतोच असं नाही.

आजीचं हे ज्ञान कुणी लिहून ठेवलं नाही. ते आपण ठेवू. खळं दिसलं की सूर्य झाडाआड धरून फोटो काढायचा, सूर्याकडे थेट बघायचं नाही. गटाच्या वहीत तारीख लिहायची, पुढे पाऊस आला की नाही तेही. पाणी कुठवर होतं, हेही त्याच फोटोत राहील. उद्या पाणी हटलं, तर दाखवायला आपल्याकडे पुरावा असेल.