रेडिओवरच्या रुमालाचं कूळ

मराठी मध्यमवर्गीय घरात एके काळी नवी वस्तू आली की थोड्याच दिवसांत तिच्यावर रुमाल चढायचा. आधी रेडिओवर, मग टीव्हीवर, मग फ्रीजवर. रुमाल पांढरा नाहीतर मोतिया, क्रोशाने विणलेला, कडेला झालर. दुधाच्या पातेल्यावर मणी ओवलेली जाळी, देव्हाऱ्यात आसन, उशीच्या अभ्र्याला लेस, दारावर ‘सुस्वागतम्’ विणलेलं तोरण आणि मुलीच्या लग्नात रुखवताच्या टेबलावर या साऱ्याचं एकत्र प्रदर्शन. पुढे टीव्ही इतका सपाट झाला की रुमाल ठेवायला त्याला माथाच उरला नाही, आणि रुमाल कपाटात गेला.

या रुमालाबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक, हे आजीच्या घरातलं म्हणजे अस्सल आपलंच. दुसरं, हे मिशनरी मडमांनी आणलेलं साहेबी फॅड. दोन्ही अर्धी खरी आहेत. दोन्हींच्या मागे जाऊन माग काढायचा तर कच्छमधल्या मोच्याच्या दुकानात शिरावं लागतं.

भुजच्या मोच्यांचं भरतकाम प्रसिद्ध आहे. सिंधमधून आलेल्या एका फकिराने ते एका मोच्याला शिकवलं, अशी कथा तिकडे सांगतात. हत्यार मात्र मोच्याच्या पेटीतलंच: आरी. चामडं टोचायची ती अणकुचीदार आरी. तिच्या टोकाशी एक बारीक खाच ठेवली की भरतकामाची आरी तयार. कापड ताणून बसवायचं. एक हात खाली, त्यात दोरा. दुसऱ्या हाताने आरी वरून टोचायची, खालचा दोरा खाचेत धरून त्याचा फास वर ओढायचा. फास आरीवर असतानाच पुढे केसभर अंतरावर पुन्हा टोचायचं आणि नवा फास आधीच्या फासातून बाहेर काढायचा. झाली साखळी. सुईने भरताना दर टाक्याला अख्खा दोरा आरपार न्यावा लागतो. आरीला तो खटाटोप नाही, म्हणून तिचं काम कितीतरी वेगाने पळतं. आणि हे काम करणारे पुरुष होते, हेही इथेच नोंदवून ठेवू, कारण पुढे ते उलटंपालटं होणार आहे.

सतराव्या शतकात गुजरातचं हे साखळी टाक्याचं भरतकाम ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात जाऊ लागलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये 1700 च्या सुमाराचे पलंगाचे पडदे आहेत. ॲशबर्नहॅम नावाच्या इंग्रज घराण्याकडून आलेले, पण भरलेले गुजरातेत. वेली, फुलं, पक्षी आणि सगळीकडे तीच साखळी. असा माल पाहिल्यावर तिकडच्या कारागिरांनी आणि हौशी बायकांनी तो टाका उचलला नसता तरच नवल. 1770 मध्ये फ्रान्सच्या राजाचा भरतकाम-नक्षीकार शार्ल जर्मॅं द सेंतोबॅं याने आपल्या कलेवर पुस्तक लिहिलं, त्यात आकडीने भरण्याची ही पद्धत पूर्वेकडून येऊन फ्रान्समध्ये रुजल्याला जेमतेम दशक झाल्याची नोंद आहे. कापड गोल चौकटीवर ढोलासारखं ताणायचं, म्हणून त्या कामाला नाव पडलं तांबूर. राजाची मर्जी असलेल्या मादाम द पाँपादूरचं अखेरचं मोठं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फ्रांस्वा-युबेर द्रुए याने 1763–64 मध्ये रंगवलेलं. त्यात ती फुलाफुलांच्या झग्यात तांबूरच्या चौकटीपाशी बसली आहे. मोच्याचं हत्यार शंभर-दीडशे वर्षांत व्हर्सायच्या दरबारात पोहोचलं, एवढं त्या चित्रातून कळतं.

त्याच हत्याराने आणखी एक घर बसवलं. ल्योंजवळच्या भागात आकडीने भरणाऱ्या कामगारांचे हात पाहून बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने आकडीच्या सुईचं यंत्र बनवलं आणि 1830 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. प्रत्यक्ष चाललेल्या पहिल्या शिवणयंत्रांपैकी हे एक. पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवायला अशी ऐंशी यंत्रं बसवली, आणि पोटावर पाय येणार म्हणून चिडलेल्या शिंप्यांनी ती फोडून टाकली. त्या यंत्राचा टाका साखळीचाच होता. आजही तांदळाच्या पोत्याचं तोंड त्याच टाक्याने शिवलेलं असतं. योग्य टोक हाती लागलं तर एका ओढीत उसवतं आणि चुकीचं लागलं तर कात्री आणावी लागते.

आता मुख्य उडी. साखळी भरताना कापड काढून टाकलं तर? फासातून फास तसाही निघतोच; कापड फक्त आधाराला आहे. मग हवेतच साखळी घालायची, ती वळवून स्वतःलाच अडकवायची, तिच्यावर खांब उभे करायचे. हाच क्रोशा. या उडीबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. लिस पालुदान या डॅनिश संशोधक बाईंनी क्रोशाच्या उगमाचा धांडोळा घेतला आणि युरोपात 1800 च्या आधीचा ठाम पुरावा हाती लागत नाही असं लिहिलं. कुणी अरबस्तानाकडे बोट दाखवतं, कुणी दक्षिण अमेरिकेकडे, कुणी चीनकडे. मला विचाराल तर आरीचा दावा सगळ्यांत वजनदार. आरी चालवणाऱ्याचं मनगट आणि क्रोशा विणणारीचं मनगट शेजारी शेजारी ठेवून पाहा. खाच वळवून फास सोडवण्याची ती बारीक हालचाल एकाच घराण्यातली आहे.

अर्थात दुसराही एक झरा होता आणि तो दरबारी नव्हता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आखूड, जाड आकडीने लोकरीचे कपडे विणत. त्याला मेंढपाळांचं विणकाम म्हणत. त्याची 1812 सालची आठवण एलिझाबेथ ग्रँट या बाईंच्या आत्मचरित्रात आहे.    

छापील नमुना आला 1823 मध्ये, ‘पेनेलोपे’ या डच मासिकात. रेशमी दोऱ्याच्या बटव्यांचे नमुने होते ते. म्हणजे तोवर हे सुखवस्तू बायकांचं वेळ घालवायचं काम होतं. त्याला पोटापाण्याचं काम केलं ते आयर्लंडच्या दुष्काळाने.

1845 मध्ये तिथल्या बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. तेव्हा कॉर्क परगण्यातल्या जोगिणींच्या मठांनी, आणि क्लोन्स गावात 1847 पासून कॅसँड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीने, उपाशी घरांतल्या मुलीबाळींना क्रोशा शिकवला. व्हेनिसची सुईने केलेली लेस श्रीमंतांना हवीच होती, पण ती करायला जन्म जायचा. तशीच दिसणारी लेस क्रोशाने फार लवकर होई. भांडवल म्हणजे एक आकडी आणि सुताची गुंडी. एकेका घराने एकेक फूल धरलं. कुणी गुलाब, कुणी तीन पानांचा शॅमरॉक, आणि शेवटी सगळी फुलं जाळीत गुंफून अखंड लेस व्हायची. क्रोशाची प्रतिष्ठा पुढे इतकी वाढली की 1900 मध्ये म्हाताऱ्या व्हिक्टोरिया राणीने बोअर युद्धातल्या निवडक शूर सैनिकांसाठी स्वतः क्रोशाचे आठ गळपट्टे विणून पाठवले.

आयर्लंडमध्ये जे चाललं तेच साधन घेऊन मिशनरी बायका जगभर फिरल्या. गोदावरीच्या खालच्या खोऱ्यात तर आयर्लंडच्या दुष्काळाच्याही आधी मॅक्रे नावाच्या स्कॉटिश दांपत्याने 1844 च्या सुमारास लेसकाम शिकवायला सुरुवात केली, अशी तिकडची परंपरा सांगते. त्यातून आंध्रातल्या नरसापूर-पालकोल्लूचा मोठा धंदा उभा राहिला. नाशिकजवळ उगम पावलेली नदी समुद्राला मिळायच्या आधी जिथे फाटे फोडते, तिथल्या गावांत घरोघर क्रोशाची आकडी आली. आरी अरबी समुद्रावरून गेली होती. आकडी होऊन ती बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्याला लागली.

महाराष्ट्रात तिने धंद्याचं रूप घेतलं नाही. ती शिक्षणाच्या वाटेने आली. मुलींच्या शाळांत शिवण-विणकाम हा विषय असे, आणि सून शाळेत जाते याला नाकं मुरडणारे सासरेही तिने विणलेला रुमाल पाहुण्यांना दाखवत. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना विणकाम, शिवण, छपाई असं हाताला काम देणारं शिक्षण मिळे. आश्रमांतून, शाळांतून, शेजारणीकडून शेजारणीकडे हे काम पसरलं. भाषाही तयार झाली. साखळी, खांब, मुका खांब, अर्धा खांब. ‘तीन साखळ्या, दोन खांब एका घरात, एक घर सोडून पुन्हा’ असं तोंडी सांगितलेलं ऐकून ओसरीवर बसलेली दुसरी बाई अख्खा रुमाल उठवायची. कागद लागला तर फक्त चौकोनी जाळीच्या नमुन्याला. एक घर रिकामं, एक भरलेलं, असं करत त्यातून मोर, कलश आणि देवनागरी अक्षरं निघत. उकार-जोडाक्षराचं ‘सुस्वागतम्’ चौकोनांत बसवणं सोपं नाही. ज्यांनी बसवलं त्यांना सुलेखनाचं बक्षीस द्यायला हवं होतं.

या कामात गणित किती आहे तेही पाहण्यासारखं आहे. गोल रुमालात दर फेरीला ठरावीक खांब वाढवले तर तो सपाट बसतो. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडा लाटेसारखी उचलते आणि झालर होते. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना तायमिन्या या गणितज्ञ बाईंनी झालरीच्या याच युक्तीने हायपरबोलिक, म्हणजे झालरीसारखा पसरत जाणारा, पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. कागदाची प्रतिकृती फाटायची, ही हाताळता येते, आणि विद्यार्थ्यांना अवघड भूमिती बोटांनी कळते. आपल्याकडे हीच झालर खळ देऊन कडक करत आणि रुखवतात हंसाची टोपली म्हणून मांडत.

आता जरा कडू भाग. भुजचा मोची भरतकाम करायचा तेव्हा तो कारागीर होता, त्याला मोल होतं. तीच खाच बायकांच्या हाती आल्यावर ते ‘फावल्या वेळातलं काम’ ठरलं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या लेसवाल्यांवर 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लेस जगाच्या बाजारात जाते, निर्यातदार आणि दलाल पैसा करतात, पण विणणारी बाई ‘घरीच तर बसलेली असते’ असं धरलं जात असल्यामुळे तिला मजुरी नावालाच मिळते. दिवसाचे तासन्‌तास विणणाऱ्या बाईला कामगार म्हणायलाच कुणी तयार नाही. 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, हे चांगलंच झालं. मानांकनाने मजुरी आपोआप वाढत नाही, हेही खरं. आणि मराठी घरातल्या रुमालाचं काय? त्याला तर किंमतच लावली गेली नाही. कौतुक झालं, ‘हाताला काय छान वळण आहे’ म्हणून, आणि हिशेब तिथेच मिटला.

यात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. यंत्राची म्हणून मिळणारी ‘क्रोशासारखी’ लेस वेगळ्या विणीची नक्कल असते. म्हणजे मॉलमध्ये स्वस्तात लटकणारी क्रोशाची पिशवी किंवा टॉप जर खरा क्रोशा असेल, तर तो कुणीतरी टाका टाका करून हातानेच विणलेला आहे. किंमत पाहून त्या हाताला किती मिळालं असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

सध्या गावोगावी ‘आरी वर्क’च्या ब्लाउजची लाट आहे. त्याचे क्लास निघालेत, लग्नाच्या हंगामात शिकवणाऱ्या मुलींना उसंत नसते, आणि त्या दरही रोख सांगतात. क्रोशाची ही थोरली बहीण घरी परत आली आणि येताना मजुरी मागायला शिकून आली, याचा मला आनंद वाटतो.

तुमच्या कपाटात, जुन्या साड्यांच्या घडीत असा एखादा रुमाल असेल तर तो काढा. कोमट पाण्यात साबणाने हलका धुवा, पिळू नका, टॉवेलवर सपाट वाळवा. मग कापडाच्या लहान पट्टीवर कुणी विणला, कुठे, साधारण कोणत्या साली, एवढं लिहून ती पट्टी मागच्या बाजूला दोन टाक्यांनी शिवून टाका. टाचणी लावू नका, गंजते. आणि विणणारी अजून घरात असेल तर आजच विचारून घ्या.