जठराचा कर्करोग आणि एपस्टाइन-बार विषाणू : कार्यकारणभावाच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

संसर्गातून कर्करोग उद्भवू शकतो काय, हा विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्रापुढील एक मूलभूत प्रश्न होता. जठराच्या कर्करोगाच्या संदर्भात त्याला विशेष महत्त्व आहे. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ साली जगात या रोगाचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ६ लाख ६० हजार रुग्ण दगावले. या रोगाचे प्रमुख कारण म्हणून हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूचे स्थान आज निश्चित झाले आहे. एपस्टाइन-बार विषाणूचे स्थान मात्र तितके निश्चित नाही. गाठीत विषाणू सापडणे आणि विषाणूमुळे गाठ निर्माण होणे या दोन भिन्न गोष्टी होत. या दोहोंमधील अंतर संशोधकांनी कोणत्या टप्प्यांनी कापले आणि कोणते अंतर अद्याप उरले आहे, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. प्रारंभीचे दोन मार्ग

१९०८ साली कोपनहेगन येथे एलरमन व बांग यांनी कोंबड्यांमधील रक्ताचा कर्करोग पेशीविरहित गाळीव द्रवाद्वारे संक्रमित करून दाखविला. १९११ मध्ये न्यूयॉर्क येथे पेटन राऊस यांनी कोंबडीच्या मांसार्बुदाबाबत तसाच निष्कर्ष मांडला. तथापि हा पक्ष्यांपुरता मर्यादित प्रकार आहे, असे मानून समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी.

याच काळात कोपनहेगनमधील योहानेस फिबिगर यांचे संशोधन मात्र तत्परतेने स्वीकारले गेले. उंदरांच्या जठरातील गाठींमध्ये त्यांना एक सूत्रकृमी आढळला. झुरळांमार्फत हा कृमी उंदरांच्या शरीरात जातो व त्यामुळे जठराचा कर्करोग होतो, असे त्यांनी १९१३ मध्ये प्रतिपादन केले. १९२६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. १९५२ मध्ये हिचकॉक व बेल यांनी हे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. कृमीचा दाह आणि आहारातील ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता यांच्या संयोगातून त्या गाठी निर्माण होत होत्या आणि त्या खऱ्या अर्थाने कर्करोगाच्या नव्हत्याच. कृमीचे अस्तित्व खरे होते, गाठीही खऱ्या होत्या. चुकला होता तो दोहोंना जोडणारा निष्कर्ष. जठराच्या कर्करोगाविषयीच्या पुढील प्रत्येक दाव्याला या इतिहासाची पार्श्वभूमी आहे.

२. कंपाला ते लंडन

युगांडातील कंपाला येथे कार्यरत असलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९५८ साली आफ्रिकी मुलांच्या जबड्यात उद्भवणाऱ्या एका अर्बुदाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील त्यांच्या व्याख्यानास विषाणूतज्ज्ञ अँथनी एपस्टाइन उपस्थित होते. या रोगाचा विशिष्ट भौगोलिक प्रसार पाहून त्यामागे संसर्ग असावा, असा तर्क त्यांनी केला. त्यानंतर कंपालाहून लंडनला गाठींचे नमुने विमानाने पाठविण्यात येऊ लागले. दीर्घ प्रयत्नांनंतर एपस्टाइन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांना या गाठीपासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नवा विषाणू दिसला. १९६४ च्या मार्चमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

हा शोध लागताच एक नवी अडचण उभी राहिली. फिलाडेल्फियातील वेर्नर व गेरट्रूड हेन्ले यांच्या कार्यातून हा विषाणू सर्वत्र आढळतो, हे स्पष्ट झाले. संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस या सामान्यतः आपोआप बऱ्या होणाऱ्या आजाराचे कारण तोच असल्याचे १९६८ मध्ये दिसून आले. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना या विषाणूचा संसर्ग झालेला असतो व तो आयुष्यभर शरीरात राहतो. जो विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात आहे, तो मोजक्याच व्यक्तींच्या कर्करोगास कारण कसा ठरवावयाचा?

३. जठरातील शोध

१९९० साली बर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी जठराच्या एका दुर्मीळ प्रकारच्या कर्करोगात पीसीआर तंत्राद्वारे या विषाणूचा डीएनए दाखविला. ही गाठ नासाग्रसनीच्या कर्करोगासारखी दिसणारी होती आणि नासाग्रसनीच्या कर्करोगाशी या विषाणूचा संबंध आधीच प्रस्थापित झालेला होता. परंतु पीसीआर तंत्राला एक मर्यादा होती. डीएनए गाठीच्या पेशींतून आला की गाठीत शिरलेल्या लसिकापेशींतून, हे त्यावरून कळत नसे. ‘इन सिटू हायब्रिडायझेशन’ तंत्रामुळे विषाणूचा आरएनए नेमक्या कोणत्या पेशीत आहे, हे पाहणे शक्य झाले. या तंत्राच्या साहाय्याने शिबाटा व वाइस यांना १९९२ साली अमेरिकेतील १३८ पैकी २२ रुग्णांच्या गाठींत विषाणू आढळला. जपानमधील अभ्यासांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. विशेष म्हणजे गाठीच्या बहुतेक सर्व पेशींत विषाणू होता, तर शेजारच्या निरोगी पेशींत तो नव्हता.

‘कोठे’ या प्रश्नानंतर ‘केव्हा’ हा प्रश्न आला. पेशीत शिरल्यावर विषाणूच्या डीएनएची दोन टोके जुळतात व त्या जोडाची लांबी प्रत्येक संसर्गात वेगवेगळी असते, याचा उपयोग राब-ट्रॉब व फ्लिन यांनी १९८६ साली करून दाखविला होता. जठराच्या गाठीतील सर्व पेशींत या जोडाची लांबी सारखीच आढळली. याचा अर्थ, गाठ वाढण्यापूर्वीच एका पेशीत विषाणू शिरला होता आणि पुढील पेशी तिच्यापासून झाल्या. तयार गाठीत विषाणू मागाहून शिरला असावा, हा आक्षेप त्यामुळे बराच दुबळा झाला.

२००९ मधील मर्फी व सहकाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणात सुमारे १६ हजार रुग्णांपैकी ८.७ टक्के रुग्णांत विषाणू आढळला. पुरुषांतील प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होते. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या जठरात उद्भवलेल्या कर्करोगात ते एक तृतीयांशाहून जास्त होते. २०१४ साली ‘कॅन्सर जीनोम ॲटलस’ प्रकल्पाने २९५ गाठींच्या अभ्यासावरून जठराच्या कर्करोगाचे चार रेणवीय उपप्रकार निश्चित केले. विषाणूयुक्त गाठी हा त्यांपैकी एक स्वतंत्र उपप्रकार असून त्यात डीएनएचे अतिमेथिलीकरण हे ठळक वैशिष्ट्य आढळते.

४. पुराव्याचे मूल्यमापन

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हेलिकोबॅक्टर पायलोरीला १९९४ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. एपस्टाइन-बार विषाणूलाही १९९७ मध्ये ते स्थान मिळाले, परंतु अन्य कर्करोगांच्या आधारे. जठराच्या कर्करोगाबाबतचा पुरावा २००९ च्या फेरआढाव्यातही ‘मर्यादित’ ठरविण्यात आला.

या सावधगिरीमागे सबळ कारणे होती. कर्करोगपूर्व अवस्थेतील पेशींत विषाणू क्वचितच आढळतो. निदानापूर्वी साठविलेल्या रक्तातील प्रतिपिंडांच्या अभ्यासांतून एकसारखे निष्कर्ष निघालेले नाहीत. शिवाय संसर्ग सार्वत्रिक असल्याने तुलनेसाठी संसर्गमुक्त लोकसमूह उपलब्ध नाही. हेलिकोबॅक्टरचा संसर्ग औषधाने दूर करून कर्करोगाचे प्रमाण घटते काय, हे तपासता आले. या विषाणूस शरीरातून घालविणारे औषध नाही आणि मान्यताप्राप्त लसही अद्याप नाही. त्यामुळे कार्यकारणाची ही निर्णायक कसोटी येथे लावता आलेली नाही.

समारोप

फिबिगर यांच्या काळी गाठीशेजारी कृमी दिसणे पुरेसे मानले गेले. एपस्टाइन-बार विषाणूच्या बाबतीत मात्र स्थान, काळ व रेणवीय परिणाम अशा स्वतंत्र कसोट्या एकामागून एक लावण्यात आल्या. त्यांवरून सुमारे एक दशांश गाठींमध्ये विषाणू हा निव्वळ साक्षीदार नसून सहभागी असावा, असे मानण्यास भक्कम आधार मिळतो. मात्र एवढ्यावरून संसर्ग झालेल्या सामान्य व्यक्तीला भीती घालणे अशास्त्रीय ठरेल, कारण विषाणू बाळगणाऱ्या बहुसंख्यांना हा रोग कधीच होत नाही. संभाव्य संबंध आणि सिद्ध कारण यांतील भेद जपणे हे संशोधकाइतकेच अध्यापकाचेही कर्तव्य होय. राऊस यांच्याकडे झालेले दुर्लक्ष आणि फिबिगर यांचा झालेला गौरव या दोन्ही घटना त्याच भेदाच्या विस्मरणातून घडल्या.