कुत्रा छाप कंपनीची एक पडेल तबकडी

गारगोटीत आजोळी जुनी गाणी वाजवणारा ‘कारवां’चा डबा आला तेव्हा मामा म्हणाला, “म्हंजे कुत्रा छापवाल्यांचाच की ह्यो!” बरोबरच होतं. कुत्रा छाप म्हणजे एचएमव्ही. तिच्या ग्रामोफोन कंपनीने १९०१ मध्ये कोलकात्यात बस्तान मांडलं, १९०२ मध्ये गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, १९०८ मध्ये सियालदाला तबकड्या छापायचा कारखाना काढला, पुढे दमदमला त्याहून मोठा. एचएमव्हीची ‘सारेगामा’ झाली २००० मध्ये आणि ‘कारवां’ आला २०१७ मध्ये.

एवढ्या पसाऱ्यात १९८२ ची एक तबकडी आहे : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार, बेस, कीबोर्ड वाजवण्यात त्यांची उमर गेली. चरणजितांनी सिंगापूरहून रोलंड कंपनीची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणली. सुरावटीला जुपिटर-८, ठेक्याला टीआर-८०८ आणि बेसला टीबी-३०३.

ही ३०३ म्हणजे चपटी रुपेरी पेटी. सोळा घरांत स्वर भरायचे, कुठल्या स्वरावरून कुठे घसरायचं तेही आधीच सांगून ठेवायचं. म्हणजे मींडच, फक्त ठरवून घेतलेली. एक बटण फिरवलं की तोच स्वर ‘ऊ’कडून ‘आ’कडे उघडत जातो. खरं तर ही पेटी बेस गिटारवाल्याची जागा घ्यायला केलेली, आणि इथे ती बेस गिटारवाल्याच्याच हाती पडली! त्याने तबल्याला सुट्टी दिली आणि तिच्याकडून भैरव, ललित, तोडी, मालकंस काढून घेतले. (मेघ मल्हार मात्र मला कोरडाच वाटतो.)

तबकडी पडली. रोलंडनेही १९८४ मध्ये ३०३ बंद केली. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या तिच्यावर शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत जन्मलं. त्यांनी चरणजितांचं ऐकून ते केलं, असं कुणी दाखवलेलं नाही. ‘अ‍ॅसिड हाउस भारतात जन्मलं’ ही फुशारकी म्हणून मला पटत नाही. पण २००२ मध्ये दिल्लीत एदो बाउमान या डच संग्राहकाच्या हाती ही तबकडी लागली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि ऐकणारे चाट पडले. सत्तरी ओलांडलेले चरणजित युरोपात जाऊन ते राग तरुणांपुढे वाजवू लागले. २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

मामाला मोबाइलवर त्यातला भैरव ऐकवला. डोळे मिटून अर्धा ऐकला, मांडीवर बोटं चालूच होती. मग म्हणाला, “भैरव हाय खरा. पर तबलजी कुटं गेला?”