टेलिफोन तोडण्याचा अधिकार

मुंबईंत 1882 सालीं टेलिफोन आला. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरांत एका अपशब्दापायीं टेलिफोन तोडला गेल्याचें प्रकरण न्यायालयांत उभें राहिलें.

प्यू नांवाच्या वर्गणीदाराला हवा तो मनुष्य तारेवर मिळेना. संतापाच्या भरांत त्यानें एक्स्चेंजला बजावलें कीं, एवढेंही होत नसेल तर हा मेला टेलिफोन बंद करा! मूळ इंग्रजी शब्दाचें वजन आपल्याकडील 'मेला' याहून फारसें अधिक नाहीं. परंतु असभ्य भाषेला कंपनीच्या नियमांत मनाई होती. तिनें त्याचा टेलिफोन खरोखरच बंद केला.

न्यायालयानें कंपनीचा पक्ष उचलून धरला. टेलिफोन घरोघरच्या कुटुंबांत जातो. यंत्राच्या रचनेमुळें एकासाठीं उच्चारलेले शब्द भलत्याच्याच कानीं पडूं शकतात. शिवाय एक्स्चेंजमध्यें पुष्कळदां सुशील स्त्रिया काम करतात, त्यांचा अपमान होतां कामा नये, अशी ही कारणपरंपरा होती. 1885 सालीं वरिष्ठ न्यायालयानेंही हाच निर्णय कायम केला. दिवसभर कानाला यंत्र लावून बसणाऱ्या त्या मुलींचा विचार केला म्हणजे हीं कारणें पोकळ वाटत नाहींत. तथापि नियम करणारी कंपनी, तो मोडला असें ठरविणारी कंपनी, आणि तार तोडणारीही कंपनीच! एका दुकानदारानें हांकलून दिलें तर मनुष्य शेजारच्या दुकानांत जातो. टेलिफोनचें तसें नव्हतें.

हिंदुस्थानांत 1885 सालींच तारखात्याचा कायदा झाला. येथें कंपनीच्या जागीं पुढें सरकार आलें. 1951 च्या नियमांप्रमाणें टेलिफोन तोडावयाचा तर अधिकाऱ्यानें कारण लेखी नोंदवून सामान्यतः सात दिवसांची नोटीस द्यावयाची. आणीबाणीच्या प्रसंगीं मात्र नोटिशीवांचूनही तोडण्याची मुभा होती. या मोकळ्या दारानें काय काय आंत शिरूं शकतें, हें हुकुमचंद शामलाल यांच्या खटल्यांत दिसून आलें. दिल्लींतील या वर्गणीदारांचे टेलिफोन सट्ट्यासाठीं वापरले जातात, असें म्हणून ते तोडण्यांत आले होते. 1975 च्या डिसेंबरांत निकाल झाला. (देशांत तेव्हां दुसरी, फार मोठी आणीबाणी चालू होती, हें सहज आठवतें.) ज्या अधिकाऱ्यानें स्वतः खात्री करून घ्यावयाची, त्यानें ती न करतां दिल्ली प्रशासनाचें मतच प्रमाण मानलें, असें सर्वोच्च न्यायालयास आढळलें; आणि टेलिफोन तोडण्याचा हुकूम रद्द झाला.